बोरपाड्याचा मनोरा

१२ जुलै, शनिवार

उद्या पहिली फेरी.

मामांची ईको गाडी वर्षभर आमच्या खळ्यात उभी होती. ते सुरतेला गेले ते गेलेच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आज दिवसभर मी आणि आईने ती धुतली, तरी आत अजून भुशाचा वास येतो. उदबत्ती लावून ठेवली आहे.

रोशनीने बोर्ड छापून पाठवला. ती माझी शाळेतली मैत्रीण, तळोद्याला जीप स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकं तीच शोधून देणार. बोर्डावर लिहिलंय, 'सातपुडा दर्शन. कडे, दऱ्या, मनोरे. चालक : भाविका पाटील.' चालक या शब्दापुढे माझं नाव वाचून आईने पदर तोंडाला लावला. हसली की काय ते कळलं नाही.

बापूंनी बोर्ड वाचून भिंतीला टेकवून ठेवला. जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, "मी पण येतो सोबत."

मी म्हटलं, "कशाला? केळीला पाणी कोण देईल?"

"मजूर देईल."

मला कळतं कशाला. होळीला मी सासरहून बॅग घेऊन आले, ती परत गेले नाही. गावात विचारणारे विचारतात. आता तीच मुलगी परक्या माणसांना गाडीत घालून डोंगरात नेणार म्हटल्यावर बापाने शेजारी बसायलाच हवं. राखण.

१३ जुलै, रविवार

झाली. नीट झाली.

धुळ्याचे दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि एक आजी. शहाद्याहून म्हसावद, तिथून तोरणमाळचा घाट. पहिल्या दोन वळणांना माझे हात घामाने ओले झाले, मग ट्रॅक्टरची आठवण झाली आणि जमलं. लग्नाआधी मी उसाची भरलेली ट्रॉली तापीच्या चढावरून काढायची, घाट त्यापेक्षा सोपा आहे.

बापूंना मात्र घाट लागताच झोप लागली. वरची कडी एका हाताने घट्ट धरून, डोळे मिटून. वर पठारावर पोचेपर्यंत उघडले नाहीत. असं कसं झोपता येतं कोण जाणे.

सीताखाईच्या दरीत धबधब्याचं पाणी भरपूर पडत होतं. धुळ्याच्या आजी कठड्याला धरून "अरे देवा, अरे देवा" म्हणत राहिल्या. मला फार बरं वाटलं, जणू ती दरी मीच खणून ठेवली होती. बापू गाडीला टेकून उभे, दरीकडे पाठ करून. माणसं जे बघायला एवढ्या लांबून येतात त्याच्याकडे पाठ!

परत येताना बोरपाड्याच्या मनोऱ्यावर थांबलो. मुख्य रस्ता सोडून थोडं आत जावं लागतं. वणवा लांबून दिसावा म्हणून वनखात्याने बांधलेला लोखंडी मनोरा, उंच आणि अरुंद. वर चढलं की एका बाजूला सातपुड्याच्या रांगा एकामागे एक आणि दुसऱ्या बाजूला एकदम सपाट खानदेश. पायथ्याशी कमलीबाई पावरा चहा आणि भाजलेली कणसं विकते. सगळे वर गेले. बापू तिच्या बाकड्यावर बसून राहिले. वरून मी हात केला तर मान खाली.

नाराज आहेत. तोंडाने बोलले असते तर बरं.

२७ जुलै, रविवार

तिसरी फेरी. आज एका बाईने विचारलं, तुम्हाला हे सगळं बघून बघून कंटाळा नाही येत? मी नाही म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही.

सुरतेला आमच्या घराला दोन खिडक्या होत्या. दोन्ही उघडल्या की समोरच्या इमारतीची भिंत, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. नऊ वर्षं. धर्मेंद्रने, माझ्या नवऱ्याने, कधी हात उगारला नाही, हे मी सगळ्यांना सांगते, आणि मग लोक विचारतात, मग आलीस का? याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, फोनवर किती वेळ, भाजी कोणती, सगळं तो ठरवायचा आणि शांतपणे ठरवायचा. भांडायला जागाच नसायची. एक दिवस दुकानात वाण्याने विचारलं, 'ताई, काय देऊ?' आणि मला काय हवंय ते आठवेना. मी तशीच रिकाम्या पिशवीने घरी परत आले.

त्याचा फोन अधूनमधून बापूंना येतो. मला नाही, बापूंना. बापू फोन घेऊन लिंबाखाली जातात. मला एवढंच ऐकू येतं : "हो... हो... बघू." माझ्या परत जाण्याचंच काहीतरी ठरत असेल.

१० ऑगस्ट, रविवार

आज वेगळी बाजू. सुरतेहून आलेले चौघे खांडबारा स्टेशनवर उतरले, त्यांना नवापूरकडचे डोंगर दाखवले. विसरवाडीला ट्रकवाल्यांच्या गर्दीत चहा घेतला. एका ट्रकवाल्याने मला गाडी मागे घेताना बघून शेजारच्याला काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. बापू उतरले, त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं आता भांडण. पण ते नुसते म्हणाले, "मन्ही आंडेर शे. ट्रॅक्टरबी चालाडस." आणि परत येऊन बसले.

लेक असल्याचं सांगणं भागच होतं, नाहीतर लोक भलतंच समजले असते.

या बाजूचे घाट उतरते आहेत, खोल नाहीत. बापूंना आज झोप आली नाही. खिडकीतून बाहेर बघत कुणाच्या शेतात काय लावलंय ते सांगत होते.

२४ ऑगस्ट, रविवार

आज माझं चुकलं असं वाटतंय, पण रागही गेलेला नाही.

मनोऱ्याशी नाशिकचं एक कुटुंब होतं. त्यांचे सत्तरीचे वडीलही वर चढले. ते वरून ओरडले, "अहो काका, या की!" मीही म्हटलं, "बापू, एकदा तरी या. मी लोकांना काय दाखवते ते तरी बघा." सगळे बघत होते. बापू म्हणाले, "मन्हा गुडघा दुखस."

सकाळीच केळीचे घड खांद्यावरून वाहून ट्रॉलीत टाकले होते या माणसाने. गुडघा म्हणे.

घाट उतरताना मी नुसता रस्ता बघत राहिले. त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

निघायच्या आधी कमलीबाईने कणसाचे पैसे घेताना मला बाजूला ओढलं. म्हणाली, "बापवर नको चिडू. तू वर गई ना, की हाऊ आठे लोखंडले हात लाईसन उभा ऱ्हास. तू खाले येस तवपावत हात काढत नही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

ती म्हणाली, "माले काय माहीत? मी देखं ते सांगं."

मनोऱ्याला हात लावून काय होणार?

घरी आल्यावर आईने सांगितलं, धर्मेंद्र आणि त्याचे काका पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला बोलणी करायला येणार आहेत. बापूंनीच या म्हटलंय. म्हणजे ठरलं. मी आज गाडी पुसली नाही, तशीच चिखलाची ठेवली.

८ सप्टेंबर, सोमवार

काल काय झालं ते सावकाश लिहिते. हात अजून जड आहेत.

शिरपूरच्या पाच बायका होत्या, सगळ्या साठीच्या, एका भजनी मंडळातल्या. गाडीत सगळा रस्ता गात होत्या. बापू खुशीत होते, टाळ्या वाजवत होते, घाट लागेपर्यंत. मनोऱ्याशी पोचलो तेव्हा ऊन होतं. गाडी नेहमीप्रमाणे खालच्या वळणावर लावली, कारण वरपर्यंत चिखल होता.

चढल्या तिघी. रेवाबाई आणि त्यांची एक मैत्रीण म्हणाल्या, आम्हाला शिडी झेपणार नाही, आम्ही इथेच पायी फिरतो. मी म्हटलं, कड्याकडे जाऊ नका, तिथे कठडा नाही. हो हो म्हणाल्या. मी वर तिघींना रांगा दाखवत होते आणि उत्तरेकडून धुकं आलं. इथलं धुकं येतं तेव्हा चालत येत नाही, ओतल्यासारखं येतं. आम्ही घाईने उतरलो तेव्हा मला कमलीबाईच्या टपरीचा पत्राही दिसत नव्हता. आणि त्या दोघी नव्हत्या.

हाका मारल्या. उत्तर नाही. मोबाइलला तिथे रेंज नाही. मी धावत खाली जाऊन गाडीचा हॉर्न दाबून धरला. खूप वेळ दाबला. मग कमलीबाई ओरडत आली, "बंद कर, बंद कर! आवाज समोरना डोंगरले लागीसन मांगे येस. त्या उलट्या जातीन!" खरंच होतं ते. गाडी वळणाच्या खोलगट जागेत, हॉर्न समोरच्या कड्यावर आपटून पलीकडून आल्यासारखा वाटत होता. मी झटकन हात काढला. मीच त्यांना कड्याकडे बोलावत होते की काय?

कमलीबाई म्हणाली, ती पायवाटेने कड्याच्या कडेकडेने जाते, तिला वाट पायाला माहीत आहे. पण आवाज उंचावरून यायला हवा, म्हणजे फिरणार नाही. ती धुक्यात गेली. मी मनोऱ्याकडे धावले. वर चढून आलेल्या तिघींपैकी एकीने माझा हात पकडला, तिला धाप लागली होती, ओठ पांढरे झाले होते. "मला सोडून नको जाऊ, पोरी." मी तिला बाकड्यावर आडवं केलं, पाणी पाजलं, दुसरीला तिचे पाय चोळायला सांगितले. "बापू, हिच्याजवळ बसा, मी वर जाते," असं म्हणत वळले तर बापू नव्हते.

आणि मग वरून आवाज आला.

परात वाजत होती, कमलीबाईची भज्यांची मोठी परात. आणि बापूंचा आवाज, शेतातून गडी बोलावतात तसा, लांबवलेला. "ओ माय! आठे या! मन्हा आवाजकडे या! जपीसन या!"

मनोरा दिसत नव्हता, माणूस दिसत नव्हता. नुसता आवाज, आभाळातून. मध्ये थांबायचा, उत्तर ऐकायला, आणि पुन्हा. मी बाईंचा हात धरून बसले होते आणि मोजत नव्हते, पण फार वेळ झाला. बापूंचा आवाज बसत चालला, चिरकायला लागला, तरी थांबला नाही.

मग खालून कुठून तरी बारीक आवाजात भजन ऐकू आलं. रेवाबाई गात होत्या. घाबरून गात होत्या, आणि कमलीबाई पुढे, दोघींचे पदर धरून. गुडघ्यापर्यंत चिखल, पण साबूत. रेवाबाई माझ्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, हॉर्न कधी इकडून, कधी तिकडून. आम्ही एका दगडापाशी बसलोच, म्हटलं आता हलायचं नाही. मग वरून माणूस बोलवायला लागला, तेव्हा दिशा कळली.

मी वर बघून ओरडले, "बापू, आल्या! दोघी आल्या!"

"आल्या?"

"आल्या! या खाली!"

"हां."

पण ते आले नाहीत. धुकं विरायला लागलं, मनोऱ्याचा वरचा भाग उघडा पडला. बापू वरच्या फळ्यांवर बसले होते, एका खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून. परात बाजूला पडली होती.

मी चढले. त्यांचे डोळे मिटलेले होते. चेहरा राखेसारखा. मी म्हटलं, "बापू, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"नाही. तू जा खाली. मी येतो मागून."

"चला ना बरोबर."

"तू जा म्हटलं ना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी खांब आणखी घट्ट धरला. इतक्या वर्षांत मी बापूंना असं कधी पाहिलं नाही. बैल अंगावर आला तेव्हाही नाही. मी शेजारी बसले. हळूच विचारलं, "भीती वाटते?"

 ते आमच्या घरच्या गुजर बोलीत, अगदी हळू म्हणाले, "चढताना खालचं काही दिसत नव्हतं, म्हणून जमलं. आता दिसायला लागलं."

मी मनोऱ्यावर कितीतरी वेळा चढले असेन. शिडी उतरायला इतका वेळ कधी लागला नाही. मी त्यांच्या खाली राहिले, त्यांचा एक एक पाय माझ्या हाताने धरून पुढच्या गजावर ठेवत. "आता उजवा. आता डावा. खाली बघू नका, लोखंडाकडे बघा." ते म्हणाले तसं करत होते, लहान मुलासारखे. मध्ये एकदा थांबले आणि म्हणाले, "तुझे हात गार झालेत." मी म्हटलं, "तुमचे पाय गार आहेत." तेवढंच बोलणं.

जमिनीवर आल्यावर कमलीबाईने त्यांना चहा दिला. कप बशीवर वाजत होता, म्हणून तिने बशी काढून घेतली. पाची बायका पाया पडायला आल्या तर बापू लाजून गाडीकडे निघून गेले.

परतीला मी गाडी घाटातून खूप सावकाश उतरवली. आंधळ्या वळणावर आधी सांगत होते, "आता वळतेय." ते "हं" म्हणत होते.

१० सप्टेंबर, बुधवार

बापूंचा आवाज अजून बसलेला आहे. आई ज्येष्ठमधाचा काढा देते.

मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. विहिरीत वाकून बघता यायचं नाही त्यांना."

"मग दर रविवारी का यायचे? तू का सांगितलं नाहीस मला?"

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं, तुम्ही नका जाऊ, तुमच्याने घाट होणार नाही. तर म्हणाले, ती तिकडे वळणं घेणार आणि मी इथे बांधावर बसून काय करू? मला ते जास्त जड जाईल."

मी तव्यावरची भाकरी उलटली. जरा करपली.

राखणच करत होते, पण माझ्या मनात होतं त्या कारणासाठी नाही. आणि तरीही, चौदा तारखेला त्यांनीच बोलावलंय ना? भीतीपोटीच बोलावलं असेल. लेक घाटात नको, घरात बरी. तसं असेल तर मी काय बोलणार? ज्या माणसाने माझ्यासाठी एवढं सोसलं त्याला नाही कसं म्हणायचं, हेच कळत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज फेरी नाही.

धर्मेंद्र आणि त्याचे काका सकाळी आले. धर्मेंद्र बारीक झालाय. काकांनीच बोलायला सुरुवात केली. झालं गेलं विसरा, गाडी मामाला परत द्या, पोरगी डोंगरात गाडी फिरवते म्हणून आमच्याकडे लोक काय काय बोलतात, वगैरे. मी दाराशी उभी होते आणि बापूंच्या तोंडाकडे बघत होते.

बापूंचा आवाज अजून घोगरा. म्हणाले, "लोकांचं मी बघेन. मी फोनवर दर वेळी तेच सांगत होतो, मला विचारू नका, तिला विचारा. तुम्ही विचारत नाही म्हणून घरी बोलावलं. आता ती समोर आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मला वाण्याचं दुकान आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. फक्त सगळे थांबलेत हे कळलं.

धर्मेंद्रने पहिल्यांदाच मला सरळ विचारलं, "येशील?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीच?"

"नाही."

मला वाटलं होतं हे बोलल्यावर मोकळं वाटेल. वाटलं नाही. त्याने मान खाली घातली तेव्हा वाईट वाटलं. काका बरंच बोलले. बापूंनी ऐकत ऐकत चहा पुन्हा मागवला.

जाताना धर्मेंद्र माझ्या गाडीपाशी थांबला, मागच्या टायरला बोटाने दाबून बघितलं. "हवा कमी आहे," म्हणाला. खरंच कमी होती.

दुपारी मी झोपले, संध्याकाळपर्यंत. कुणी उठवलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पहिल्यांदा एकटी गेले.

सकाळी बापू गाडीशी आले, काचा पुसल्या, ब्रेक दाबून बघितला. मी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली, तर म्हणाले, "राहू दे. केळीला पाणी द्यायचंय." मजूर आज आलेलाच होता, समोरच उभा होता. मी पिशवी परत सीटवर ठेवली.  निघाले तेव्हा आरशात ते खळ्याच्या दारात उभे दिसले, वळण येईपर्यंत.

जळगावचं एक जोडपं होतं. ते तोरणमाळलाच मुक्कामाला राहिले, त्यामुळे परतीला गाडी रिकामी. आतापर्यंत प्रत्येक वेळी मी कुणाला तरी दाखवायला थांबले होते. आज कुणी नव्हतं. तरी खडकीच्या कड्यावर गाडी थांबवली आणि खाली उतरले. पाऊस सरलाय, हवा इतकी स्वच्छ की लांबच्या पाड्यावरचा धूर वेगळा दिसत होता. गवत पिवळं पडायला लागलंय. मी एका दगडावर बसले. बराच वेळ काही केलं नाही.

तिथे एका टोकाला रेंज येते. घरी फोन लावला, निघतेय सांगायला. बापूंनी पहिल्याच घंटीला उचलला, हातातच होता बहुतेक.

"कुठे शेस?"

"खडकीला. कड्यावर बसलेय."

 मला वाटलं आता म्हणतील, मागे सर. पण त्यांनी विचारलं, "काय दिसतं?"

आजवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खाली दरी आहे. खोल आहे."

"ते माहीत आहे. अजून?"

"दरीत एक ओढा आहे, उन्हात चमकतोय. पलीकडच्या उतारावर ज्वारी आहे, इतक्या तिरक्या जमिनीत कशी पेरली कोण जाणे. तिच्यात एक बाई उभी आहे, लाल पातळ. पाखरं हाकतेय."

"आपली तापी दिसते?"

"नाही. इतक्या लांबचं नाही दिसत. तिकडे नुसतं निळसर आहे."

"बरं," बापू म्हणाले. फोनमधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, ते बसले असावेत. "मग दिसतं ते सांग. सावकाश सांग, मला काही घाई नाही."

मी दगडावरून उठून आणखी थोडी पुढे गेले, आणि डाव्या हातापासून सांगायला सुरुवात केली.